व्यसन आणि मेंदूची रचना : आधीचे काय, नंतरचे काय?

गेल्या अंकात दारू आणि झोप यांविषयी लिहिताना ‘दीर्घकाळच्या व्यसनात मेंदूच्या रचनेतही फरक आढळतात’ असे एक वाक्य मी ओघात लिहून गेले होते. त्या वाक्याने अनेक वाचक अस्वस्थ झाल्याचे पत्रांवरून दिसते, आणि ती अस्वस्थता रास्त आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यातील चार पत्रांसाठी ठेवले आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझा थोरला भाऊ ४६ वर्षांचा असून गेली वीस वर्षे दारू पितो. मागच्या महिन्यात तो मोरीत पडला, म्हणून डोक्याचा एमआरआय केला. अहवालात ‘मेंदू वयाच्या मानाने आक्रसलेला आहे’ असे लिहिले आहे. आमचे वडीलही पीत असत. मी मात्र आयुष्यात थेंबाला शिवले नाही. मला एवढेच विचारायचे आहे की, दारूमुळे त्याचा मेंदू असा झाला, की मेंदू मुळात तसा होता म्हणून त्याला दारू सोडवत नाही? (सांगली जिल्ह्यातील एक भगिनी)

उत्तर : ताई, या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण त्या मेंदूतील एकाच फरकाविषयीच्या नाहीत. अहवालातील ते वाक्य मुख्यतः दारूच्या परिणामाचे आहे. ‘सोडवत नाही’ यामागे मात्र आधीपासूनचाही काही भाग असू शकतो.

आधी अहवालाकडे पाहू. एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली की मेंदूच्या वळ्या करड्या दिसतात आणि त्यांच्यामधल्या भेगांतले पाणी काळे दिसते. पंचेचाळिशीतल्या निरोगी माणसाच्या वळ्या एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतात. वर्षानुवर्षे भरपूर दारू पिणाऱ्याच्या फिल्मवर त्या काळ्या फटी रुंदावलेल्या दिसतात, विशेषतः कपाळामागच्या भागात, आणि डोक्याच्या मागे खाली असलेल्या लहान मेंदूची पाने सुटी सुटी झालेली दिसतात. लहान मेंदूकडे शरीराचा तोल सांभाळण्याचे काम असते. त्याला इजा झालेला माणूस न पितासुद्धा पाय फाकवून चालतो, आणि एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत चालायला सांगितले, तर दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच भिंत शोधतो. तुमचा भाऊ मोरीत पडला तो दिवस पिण्याचा होता की नव्हता, हे डॉक्टरांना जरूर सांगा, कारण त्या उत्तरावर पुढची तपासणी ठरते.

मेंदू असा आक्रसण्यामागे दारू हे एकच विष नसते. पिणाऱ्याचे जेवण तुटते, पोटात जे जाते त्यातले थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, आतड्यातून नीट शोषले जात नाही, यकृत बिघडते, आणि पडून डोक्याला मार बसतो तो वेगळाच. यांतील थायमिनची कमतरता सर्वांत घातक आणि टाळायला सर्वांत सोपी असते, याचे मला फार वाईट वाटते. लातूरकडचे एक गृहस्थ माझ्याकडे येत. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपाची रात्र ते मिनिटामिनिटाने सांगत, पण सकाळी काय खाल्ले असे विचारले की ठामपणे ‘सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) खाल्ला’ म्हणत. त्यांनी सकाळपासून काही खाल्लेलेच नसायचे. ते खोटे बोलत नव्हते. नवी आठवण साठवणारा दुवाच तुटला होता आणि मेंदू रिकामी जागा हाताशी येईल त्या गोष्टीने भरून काढत होता. या विकाराचे वर्णन जर्मनीत कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये आणि रशियात सर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८७ मध्ये केले. त्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या दोन वाटाण्याएवढ्या गाठी झिजून जातात, आणि एकदा ही अवस्था पक्की झाली की फारच थोडे परत मिळते. तेव्हा भावाला थायमिनचे इंजेक्शन द्यावे का, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा. आणि काळजीपोटी त्याला खोलीत कोंडून दारू एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि ते जिवावर बेतू शकते. दारू बंद करायची ती वैद्यकीय देखरेखीखालीच.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०१९ मध्ये २३ प्रयोगशाळांतील ३,२४० व्यक्तींचे एमआरआय एकत्र करून तपासले. त्यांतील २,१४० जण दारू, निकोटिन, कोकेन, मेथॅम्फेटामिन किंवा गांजा यांपैकी कशावर तरी अवलंबून होते. मेंदूच्या बाह्य थराची जाडी आणि आतल्या केंद्रांचे आकारमान यांत सर्वाधिक घट दारूवर अवलंबून असणाऱ्यांत दिसली, आणि काही भाग, उदाहरणार्थ इन्सुला (शरीराच्या आतल्या जाणिवा जिथे पोहोचतात तो भाग) आणि डोळ्यांच्या खोबणीवरचा ललाट, म्हणजे कपाळामागचा, भाग, पदार्थ कोणताही असला तरी कमी भरले. ही माहिती मोलाची आहे, पण असा अभ्यास म्हणजे लग्नाचा एकच फोटो असतो. नवरा-नवरी शेजारी उभे दिसतात, पण ओळख कोणी करून दिली ते फोटोवरून कळत नाही. व्यसन आधी की फरक आधी, हे एकदाच काढलेल्या चित्रावरून सांगता येत नाही.

हा गुंता सोडवण्यासाठी केंब्रिज येथील कॅरेन एर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी युक्ती केली, ती तुमच्यासाठीच केल्यासारखी आहे. २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भावंडांच्या ५० जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतील एक भावंड कोकेनसारख्या उत्तेजक पदार्थांवर अवलंबून होते आणि दुसऱ्याला असले व्यसन कधीच नव्हते. तुलनेसाठी ५० नात्याबाहेरच्या निरोगी व्यक्ती घेतल्या होत्या. अपेक्षा अशी असते की, निर्व्यसनी भावंडाचा मेंदू त्या निरोगी व्यक्तींसारखा दिसेल. प्रत्यक्षात मेंदूच्या ललाट भागाला आतल्या केंद्रांशी जोडणाऱ्या तंतूंमधील आणि भावना व सवयी यांच्या काही केंद्रांमधील फरक दोन्ही भावंडांत आढळले. हात उचलला असताना ऐन वेळी ‘थांब’ अशी खूण आली की थांबणे, या साध्या चाचणीतही दोघे मागे पडले. व्यसन कधीच नसलेल्या भावंडाच्या मेंदूत हा फरक व्यसनाने केलेला असू शकत नाही. तो घराण्यातून, किंवा एकाच घरातल्या बालपणातून आलेला असणार. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेतील संशोधकांनीही दारूवर अवलंबून असलेल्या वडिलांच्या, पण स्वतः दारूला न शिवलेल्या मुलांच्या मेंदूतील काही भागांत असे फरक नोंदवले आहेत.

म्हणजे ताई, तुमच्या आणि भावाच्या मेंदूत जन्मापासून काही समान ठेवण असू शकते, आणि तरीही तुम्ही एका वाटेने गेलात व तो दुसऱ्या. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरला जातो, पण हा निम्मा लोकसंख्येतल्या माणसामाणसांमधील फरकांचा आहे. तुमच्या भावाचे निम्मे व्यसन वडिलांकडून आले, असा त्याचा अर्थ होत नाही. तुमच्या पत्रात ‘मी थेंबाला शिवले नाही’ हे वाक्य तुम्ही काहीशा संकोचाने, त्याच्याविरुद्ध साक्ष दिल्यासारखे लिहिले आहे, असे मला वाटले. तसे वाटून घेऊ नका. तुम्हाला सासर-माहेरच्या रीतीमुळे पहिला घोट कधी कोणी पुढे केला नसेल आणि त्याला तो सतराव्या वर्षीच मित्रांनी पुढे केला असेल, तर हा फरकही लहान नव्हे.

प्रश्न : मी ५१ वर्षांचा आहे. दारू सोडून आठ महिने झाले. हात थरथरणे थांबले, झोप लागते. तरी माणसांची नावे आठवत नाहीत आणि हिशेबात चुका होतात. मेंदूचे जे गेले ते गेलेच का? (नाशिक)

उत्तर : नाही, बरेच परत येते, आणि हे मी तुम्हाला धीर द्यायचा म्हणून सांगत नाही. टोरंटो येथील संशोधकांनी १९७८ मध्येच सीटी स्कॅनच्या साहाय्याने दाखवले होते की, दारू सोडलेल्या काही रुग्णांच्या मेंदूतील रुंदावलेल्या भेगा पुन्हा अरुंद होतात. तोवर आक्रसलेला मेंदू म्हणजे मेलेल्या पेशी, अशीच समजूत होती. पुढे एमआरआयने हे चित्र अधिक स्पष्ट केले. भरण्याचा वेग पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो, नंतर तो मंदावतो, पण महिनोन्‌महिने चालू राहतो. हे नव्या पेशी भराभर उगवल्यामुळे होत नाही. ज्या पेशी जिवंत होत्या पण रोडावल्या होत्या, त्यांच्या फांद्या, त्यांना पोसणाऱ्या सोबतच्या पेशी आणि तंतूंवरचे स्निग्ध आवरण यांची डागडुजी होत असते.

मात्र आकारमान भरून येणे आणि काम पूर्ववत होणे या दोन गोष्टी हातात हात घालून चालत नाहीत. मेथॅम्फेटामिन हे उत्तेजक ड्रग सोडलेल्या व्यक्तींमध्ये अमेरिकेतील नोरा व्होल्कोव्ह यांनी २००१ मध्ये पाहिले की, वर्षभराहून अधिक काळ दूर राहिल्यावर डोपामिन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन परत खेचून घेणाऱ्या रेणूंची संख्या बरीच सुधारली, पण स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांत तितकी सुधारणा झाली नव्हती. त्यामुळे आठ महिन्यांत नावे आठवत नाहीत म्हणून निराश होऊ नका. वही ठेवा, हिशेब दोनदा करा, आणि रक्तदाब, साखर, ब१ व ब१२ तपासून घ्या. तुम्ही सिगारेट ओढता की नाही ते पत्रात लिहिलेले नाही. ओढत असाल, तर दारू सोडल्यानंतर मेंदूच्या बाह्य थराची भरपाई धूम्रपान करणाऱ्यांत कमी होते असे दिसले आहे, एवढे लक्षात घ्या. ‘एक सोडली, दुसरी राहू दे’ ही सवलत आपल्याकडे घरचेही देतात आणि कधी डॉक्टरही देतात. मला ती मान्य नाही.

एक गोष्ट मात्र भेगा भरल्या तरी पुसली जात नाही. संध्याकाळी सातला कामावरून परतताना परमिट रूमची पाटी दिसली, आतून तळलेल्या चण्यांचा वास आला, की पोटात जो खड्डा पडतो, तो मेंदूने वीस वर्षे पक्का केलेला धडा असतो. आठ महिन्यांनंतरही तसे होणे हे तुम्ही कच्चे असल्याचे लक्षण नव्हे. रस्ता बदला. रस्ता बदलण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : माझे वडील चाळीस वर्षे तंबाखू मळत. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. घरी आल्यापासून त्यांनी तंबाखूचे नावही काढलेले नाही. चुन्याची डबी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात तशीच आहे. आम्ही त्यांना काही बोललो नव्हतो. हे कसे झाले? (बीड)

उत्तर : तुमच्या वडिलांच्या बाबतीत नक्की काय झाले ते त्यांचा स्कॅन पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. झटक्यानंतर काही जणांची सगळ्याच गोष्टींतली गोडी जाते. वडील चहा, बातम्या, नातवंडे यांतही रमत नसतील, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. ते आधी पाहून घ्या.

पण इतर सर्व आवडी शाबूत असून तंबाखूची तेवढी ओढ गेली असेल, तर एका प्रसिद्ध अभ्यासाची आठवण होते. कानशिलाच्या आत, मेंदूच्या दोन खंडांच्या घडीत लपलेला इन्सुला नावाचा भाग आहे. भूक, मळमळ, छातीतली धडधड अशा शरीराच्या आतल्या जाणिवा तिथे पोहोचतात. अमेरिकेतील नासिर नक्वी, अँटोइन बेकारा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूला इजा झालेल्या ६९ धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी १९ जणांच्या इन्सुलाला इजा झाली होती. त्यांतील १३ जणांनी धूम्रपान सोडले होते, आणि त्या १३ पैकी १२ जणांना ते सहज, ओढ न उरता, सुटले होते. त्यांतील एकाने आपले शरीर धूम्रपानाची तलफ विसरून गेले, अशा अर्थाचे सांगितले. तलफ ‘मनात’ येते असे आपण म्हणतो, पण तंबाखू खाणाऱ्याला ती घशात, हिरड्यांत, पोटात जाणवते, आणि ती जाणीव जिथे उमटते तो भागच गेला तर तलफही जाऊ शकते. पहिल्या उत्तरात ‘एनिग्मा’च्या अभ्यासात उल्लेख आलेला इन्सुला तो हाच. २०२२ मध्ये अशा रुग्णांच्या आणखी मोठ्या तपासणीतून असे पुढे आले की, ओढ नाहीशी करणाऱ्या इजा मेंदूत वेगवेगळ्या जागी असल्या, तरी त्या एकाच जोडणीच्या जाळ्यात येतात. त्या जाळ्याला बाहेरून चुंबकीय स्पंदने देऊन तलफ कमी करता येते का, यावर काम चालू आहे.

चुन्याची डबी मात्र खिशातून काढून टाका.

प्रश्न : मेंदूच बिघडलेला असेल, तर समुपदेशनाच्या चार गोष्टींनी काय होणार? आमच्या गावात तर मानसोपचारतज्ज्ञही नाही. शिवाय माझा नातू १३ वर्षांचा आहे आणि त्याच्या वडिलांना व्यसन आहे. त्याचा स्कॅन आताच करून घ्यावा का? (सेवानिवृत्त मुख्याध्यापक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : गुरुजी, नातवाचा स्कॅन करू नका. अमेरिकेत ९ ते ११ वर्षे वयाच्या ९,८०४ मुलांचे एमआरआय काढून त्यांच्याकडे पुढे लक्ष ठेवण्यात आले. २०२४च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मुलांनी पंधरा वर्षांच्या आत दारू, तंबाखू किंवा गांजा असे काहीतरी चाखले, त्यांच्या मेंदूची रचना सुरुवातीलाच, म्हणजे काही चाखण्याआधीच, सरासरीने थोडी वेगळी होती. ललाट भागाचा बाह्य थर थोडा पातळ होता, पण मेंदूचे एकूण आकारमान कमी नव्हे, उलट थोडे जास्त होते. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली ही की, सगळ्याच फरकांना ‘बिघाड’ म्हणणे चुकीचे आहे. जिज्ञासा आणि धाडस यांच्याशीही असे फरक निगडित असू शकतात, आणि ज्या मुलाची चूल पेटवून पाहण्याची खोड आहे तेच उद्या प्रयोगशाळेत रमते, हे तुम्ही शाळेत माझ्यापेक्षा अधिक पाहिले असेल. दुसरी ही की, हे फरक हजारोंच्या सरासरीत दिसतात. एका मुलाच्या फिल्मवरून त्याचे भविष्य वाचता येत नाही, आणि तसा दावा करून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. नातवासाठी करण्यासारखे एकच काम फार मोलाचे आहे, ते म्हणजे पहिला घोट किंवा पहिली पुडी शक्य तितकी लांबवणे. स्वतःला आवर घालणारा ललाट भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो, आणि ते बांधकाम चालू असताना व्यसन लागले तर ते अधिक खोल रुजते. वडिलांसाठी दुकानातून बाटली किंवा पुडी आणायला त्याला पाठवले जाते का, तेवढे पाहा.

आता ‘चार गोष्टीं’विषयी. बोलणे हे मेंदूच्या बाहेर घडत नाही. शिकल्याने मेंदू बदलतो यावर तुमची उभी हयात गेली आहे. परिस्थितीचा जोर किती असतो याचे एक उदाहरण व्हिएतनाम युद्धाचे आहे. तेथे असताना अमेरिकेच्या साधारण पाचातल्या एका सैनिकाला हेरॉइनसारख्या पदार्थांचे व्यसन लागले होते, पण संशोधक ली रॉबिन्स यांनी मायदेशी परतलेल्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या वर्षात त्या व्यसनींपैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकलेले आढळले. मेंदू तोच होता, पण भोवतालचा मुलूख, सोबती आणि भीती बदलली होती.

आणि तज्ज्ञ नसण्याविषयी शेजारच्या गोव्यातले उदाहरण आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने आधी या क्षेत्राचे कोणतेही शिक्षण नसलेल्या सामान्य व्यक्तींना प्रशिक्षण दिले आणि त्यांच्याकडून दारूविषयी समुपदेशन करवून घेतले. जास्तीत जास्त चार बैठका, प्रत्येक पाऊण तासाच्या आतबाहेर. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत ३७७ पुरुष होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, तर न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. आधीच्या दोन आठवड्यांत दारूला अजिबात न शिवलेल्यांचे प्रमाण ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के होते. हे पुरुष हानिकारक प्रमाणात पिणारे होते, सकाळी हात थरथरल्याशिवाय न उठणारे नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवे. तुमचे चिरंजीव त्या दुसऱ्या अवस्थेत असतील, तर त्यांना जिल्हा रुग्णालयात किंवा पुण्यातील मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करूनच सुरुवात करावी लागेल. पण त्या अवस्थेच्या अलीकडे जे असंख्य आहेत, त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचतच नाही. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कोणता तरी उपचार मिळाल्याचे आढळले.

तुमच्या गावच्या उपकेंद्रातील आशाताईंना किंवा आरोग्य सेवकाला हाताशी धरा. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. पहिला फोन चिरंजीवांनीच करायला हवा असे नाही, तो तुम्ही करू शकता. फोनवर ‘तो ऐकत नाही’ एवढेच सांगू नका. तो केव्हापासून पितो, रोज किती, सकाळी थरथर होते का, कधी फिट आली आहे का, जेवण किती आहे, या पाच गोष्टी कागदावर लिहून मगच फोन लावा.